फॅमिली-फ्रेंडली फिनलंड

शैलेंद्र मुळ्येला एकट्याने काही करता येत नाही. दुबईच्या मीना बाजारात बायकोला साडी घ्यायची तरी हा चार घरं गोळा करून नेतो, म्हणे भाव चांगला पडतो. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप कंपनीत तो लॉजिस्टिक्स मॅनेजर आहे आणि मी तिथेच शेजारच्या गोदामात. दुबईच्या करामा भागात आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. रोज त्याच्याच गाडीतून जातो, त्यामुळे शारजाच्या ट्रॅफिकमध्ये त्याची बडबड ऐकणं माझ्या नशिबी आलंय. इथल्या मराठी मंडळातले लोक त्याला आधारस्तंभ म्हणतात. मी म्हणतो, लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा, आणि त्या भाजताना घरची चूल विझली तरी ज्याला पत्ता लागत नाही असा.

ही खोड त्याला कुठून लागली तेही मला माहीत आहे. इथे नवीन आलो तेव्हा बर दुबई भागात एका खोलीत आम्ही आठजण राहायचो. कुकर एकच, तो शैलेंद्रचा. कोण जेवला नाही, कोणाला ताप आहे, हे त्याला न सांगता कळायचं. तेव्हा तो खरंच चांगला होता. मग लग्न झालं, फ्लॅट झाला, दोन मुलं झाली, पण हा गडी मनाने त्या खोलीतून बाहेर पडलाच नाही. कारण समजलं म्हणून माझा राग कमी होतो अशातला भाग नाही.

त्याची मुलगी मिहिका यंदा बारावीत आहे. इथली मुलं बारावी झाली की उडतात, हीसुद्धा पुढच्या वर्षी शिकायला हॉलंडला जाणार. या पोरीने आजवर बापाकडे काही मागितलं नव्हतं. या वेळी मागितलं. डिसेंबरच्या सुट्टीत फिनलंडच्या उत्तरेला जायचं, स्कीइंग शिकायचं, एका लाकडी केबिनमध्ये राहायचं. केबिन तिनेच शोधली आणि बापाला लिंक पाठवली. "जस्ट द फोर ऑफ अस, पपा. मी जायच्या आधी." तिच्या आईने, उर्मिलाने, हे मला लिफ्टमध्ये सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की मलाच बरं वाटलं. धाकटा रेयांश तर सोफ्यावरून घसरायची प्रॅक्टिससुद्धा करायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी गाडीत शैलेंद्र म्हणाला, "हेमू, केबिन बघितली. पण फॅमिली-फ्रेंडली नाही रे."

"का? फॅमिलीनेच तर निवडलीय."

"ब्रेकफास्टला नुसता ब्रेड आणि थंड मासा! आपल्या लोकांनी काय खायचं?"

आणि त्याने अभ्यास सुरू केला. कुठला उतार नवशिक्यांचा, कुठल्या स्की स्कूलमध्ये लहान मुलांना घेतात, कुठे बूट भाड्याने मिळतात, सगळं पाठ. बर्फ म्हणून या माणसाने आयुष्यात फक्त मॉलमधला पाहिलेला, पण बोलायचा असा की जणू सांताक्लॉजचा मावसभाऊ. एकदा तर गाडी चालवता चालवता स्पीकरवर तिकडच्या एका हॉटेलला फोन लावला आणि विचारलं, तुमच्या किचनमध्ये फोडणी दिली तर फायर अलार्म वाजतो का? त्या बाईला फोडणी म्हणजे काय ते कळेना. यानेही हार मानली नाही. मोहरी कशी तडतडते ते इंग्रजीत समजावलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

एवढ्यावर थांबला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण एके दिवशी त्याने सगळी माहिती मंडळाच्या ग्रुपवर टाकली. "एवढा अभ्यास केलाय, तर चार लोकांना फायदा होऊ दे. ग्रुप डिस्काउंटही मिळेल." संध्याकाळपर्यंत सहा कुटुंबं तयार झाली. आठवड्यात करामामधल्या मेसचा स्वयंपाकी महाराजही बरोबर येणार असं ठरलं.

"पोरीला विचारलंस?" मी म्हटलं.

"सरप्राइज आहे! तिला कंपनी नको का? चौघंच जाऊन करणार काय, एकमेकांची तोंडं बघणार?"

गाढवा, तेच तर तिला हवंय. हे मी मनात म्हटलं. तोंडावर म्हणायला हवं होतं.

तिकिटं काढायच्या आदल्या शनिवारी त्याने मला चहाला बोलावलं. व्यवस्था कशी लावलीय ते आधी मला ऐकवायचं होतं. हॉलमध्ये उभा राहून भाषण केल्यासारखा सांगू लागला, "पुरुष सगळे पहिल्या केबिनमध्ये, पत्त्यांचा डाव रंगेल. बायका दुसरीत, मोठं किचन तिथेच आहे. मुलं तिसरीत. मिहिका मोठी, ती सगळ्यांवर लक्ष ठेवेल."

मिहिका आतून बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं.

"अँड अस? आपण चौघं कुठे?"

"अगं, जेवायला सगळे एकत्रच! यल्ला, चल, चेहरा पाडू नकोस."

"आय आस्क्ड फॉर वन थिंग, पपा." ती ओरडली नाही, रडलीही नाही. "माझी सीट दुसऱ्या कोणाला दे. आय ॲम नॉट कमिंग."

उर्मिलाने स्वयंपाकघरात गॅस बंद केला आणि दारात येऊन उभी राहिली. "माझीही दे. आणि रेयांश आमच्याबरोबर राहील."

शैलेंद्रचा चेहरा खर्रकन उतरला. तो सोफ्यावर बसला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्याची दया आली. वाटलं, आता तरी डोळे उघडले. दोघी उत्तराची वाट बघत तिथेच उभ्या होत्या. त्याने मान खाली घालून फोन हातात घेतला आणि टाइप करायला लागला. सगळ्यांना नाही म्हणून कळवतोय, अखेर शहाणा झाला, असं मी धरून चाललो. उर्मिलालाही तसंच वाटलं असावं, कारण ती एक पाऊल पुढे आली.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. मंडळाच्या ग्रुपवर शैलेंद्रचा मेसेज होता. "फिनलंड ट्रिपच्या तीन जागा मोकळ्या झाल्या आहेत. फॅमिलीला प्राधान्य."