यादवावर टाकायचा राहिलेला रंग

जुन्या नाशकात, गंगेकडे म्हणजे गोदावरीकडे उतरणाऱ्या एका बोळात यादव टेलरचं दुकान आहे. दुकान म्हणजे दीड माणसाची जागा. यादव मशीनवर बसला की गिऱ्हाइकानं पायरीवर उभं राहायचं, असा तिथला कायदा. वर लाकडी जिन्यानं चढून गेलं की एक खोली, तिच्यात तो राहतो.

बोळाच्या तोंडाशी रहाड आहे. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद, पुरुषभर खोल. वर्षभर तो फळ्या टाकून, माती लोटून बुजवलेला असतो. वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या उभ्या राहतात, आणि आपल्या पायाखाली एवढा हौद आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. रंगपंचमी आली की तो उघडायचा, धुवायचा, फुलं उकळून काढलेला पिवळा रंग त्यात ओतायचा आणि पूजा झाली की सगळ्या पेठेनं त्यात उड्या मारायच्या. त्या उडीला नाशकात धप्पा म्हणतात. एकदा धप्पा मारला की आठ दिवस कानामागचा पिवळेपणा जात नाही. साबण थकतो, रंग थकत नाही.

यादवनं तीन पंचम्या धप्पा मारला नव्हता.

वय चोपन्न. अंगानं बारीक, मान मशीनवर वाकून वाकून पुढं आलेली, गळ्यात टेप. अख्ख्या बोळाला मोरपंखी, डाळिंबी, अबोली असे रंग शिवून देणारा हा माणूस स्वतः मात्र राखाडी सदऱ्यात. समोरच्या कुसाबाई एकदा म्हणाल्याच, "मास्तर, चुलीतली राख बरी, ती निदान गरम तरी असते." यादव हसला आणि त्यांच्या ब्लाउजला हुक लावत बसला.

राखाडी सदरा पुंजा गेल्यापासूनचा. पुंजा सायखेड्याचा, फुलबाजारात झेंडू-शेवंती विकायचा. वरच्या खोलीत दोघं बावीस वर्षं राहिले. दोन मित्र, खोली एक, भाडं वाचतं, असं बोळ म्हणायचा आणि बोळाला त्यापुढचं काही विचारायचं नव्हतं. पुंजा घरी आला की जिन्यातून आधी फुलांचा वास वर यायचा, मग पुंजा. एका सकाळी बाजारात शेवंतीच्या पाटीला टेकून बसला तो बसलाच. लोकांना वाटलं, डुलकी लागली असेल.

त्याला सायखेड्याला नेलं. गाव भावाचं, घर भावाचं, पाणीही भावानं पाजलं. यादव शेवटच्या रांगेत उभा राहिला. दहाव्याला घरच्या पुरुषांनी डोकी भादरली, यादवचे केस तसेच राहिले. नाशिकहून आलेला पाहुणा होता ना तो.

आता आपल्याकडे रीत अशी, की ज्या घरात माणूस गेलं त्या घरानं पंचमीपर्यंत रंगाला शिवायचं नाही. पंचमीला सोयरेधायरे येतात, घरच्यांच्या कपाळाला गुलाल लावतात, तोंडात गोड घालतात. दुखवटा उठला. उद्यापासून सण करा, हसा, नवं नेसा. त्या पंचमीला यादवही पेढे घेऊन सायखेड्याला गेला आणि ओट्यावर बसला. गुलालाचं ताट फिरलं. पुंजाच्या आईला लावला, भावाला लावला, भावजयीला लावला, गोठ्यातल्या गाईलासुद्धा लावला. ताट यादवपुढं आलं तेव्हा पुंजाची आई, चिमणाबाई, म्हणाल्या, "लाव बाबा मला." आणि त्यांनी कपाळ पुढं केलं. यादवनं लावला.

म्हणजे त्याला लावणाऱ्यांत धरलं. ज्यांना लावायचा त्यांत नाही. त्या दिवशी एसटीनं परत येताना त्याची तेवढी बोटं लाल होती, बाकी सगळा तो कोरडा.

एखादा म्हणेल, आरशात बघून स्वतःच लावून घ्यायचा होता. पण आपली आपल्याला पाठ चोळता येत नाही, तसंच ते. दुखवटा कुणीतरी दुसऱ्यानंच उठवावा लागतो. आणि यादवला दुखवटा आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, मग उठवणार कोण?

तर असा तीन वर्षं राहिलेला माणूस. त्याच्या बोळात झुंबर आला.

झुंबर म्हणजे महापालिकेचा वॉलमन, पाणी सोडणारा. पहाटे साडेपाचला खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन यायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, चावी आत घालून फिरवायचा. मग जमिनीखाली आधी कुणी कूस बदलल्यासारखा आवाज व्हायचा, नळांतून हवा फुसफुसायची, आणि झुंबर लांबलचक हाक द्यायचा, "पाणीऽऽ". पाण्याला हाकेची गरज नसते, ते आपलं आपण येतं. पण आधीच्या वॉलमननं कधी हाक दिली नव्हती, म्हणून बोळाला ती आवडली. थंडीत नदीवरून धुकं चढतं तेव्हा माणूस दिसायच्या आधी हाक दिसायची म्हणा ना. यादव अर्धा झोपेत असायचा, आणि त्याला वाटायचं की हाकेनं पाणी नाही, आपणच वर येतोय कुठूनतरी.

चावी टेकून टेकून झुंबरच्या खाकी सदऱ्याचा खांदा विरला. तो ठिगळ लावायला आला. दोन महिन्यांनी दुसरं ठिगळ. मग यादवनं सांगितलं, "झुंबरभाऊ, आता ठिगळालाच ठिगळ लावतोय मी. नवा शिवा."

"मग माप घ्या मास्तर."

जन्म गेला यादवचा मापं घेण्यात. छाती, पोट, बाही, मुंढा. टेप टाकला, आकडा बघितला, वहीत लिहिला, माणूस विसरला. त्या सकाळी मात्र झुंबरच्या पाठीमागून टेप पुढं आणला आणि त्याला आकडा दिसेना. झुंबरच्या अंगाला ओल्या मातीचा आणि गंजाचा वास होता. श्वास आत गेला, टेप ताणला. श्वास बाहेर आला, टेप सैल पडला. "श्वास रोखू का?" झुंबरनं विचारलं. "नको," यादव म्हणाला, "घेत राहा." छातीचं माप तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं लिहिलं. सदरा अर्थातच ढगळ झाला. झुंबरनं तो कौतुकानं घातला.

त्यानंतर रोजचा चहा सुरू झाला. पाणी सोडायचं, मग पायरीवर बसून चहा. झुंबर नाशिकरोडच्या वस्तीतला, बौद्ध घरातला. बायकोशी फारकत होऊन पंधरा वर्षं झालेली, भांडण नाही. लेक पुण्यात नोकरीला. "तिला सगळं सांगितलंय," तो एकदा म्हणाला. सगळं म्हणजे काय ते यादवनं विचारलं नाही आणि ते त्याला कळलं.

होळी झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी झुंबरनं चहाचा कप पायरीवर ठेवला.

"मास्तर, पंचमीनंतर माझी बदली आहे. गंगापूर रोडच्या टाकीवर. तिकडची पाळी आठची. मग या बोळात माझं काही काम उरत नाही."

यादव सुईत दोरा घालत राहिला. दोरा जाईना.

"काम नसताना यावं का, तेवढं सांगा. घाई नाही. पंचमीच्या दिवशी सांगा. धप्पा मारू दोघं मिळून, आणि सांगा. नको म्हणालात तर परत हाक देणार नाही."

"मला रंग खेळता येत नाही."

"न येण्यासारखं काय आहे त्यात? उडी मारायची."

"तसं नाही. माझ्यावर अजून रंग टाकलेला नाही." आणि मग यादवनं खाली मान घालून सगळं सांगितलं. पुंजा, ओटा, ताट, गाय, लाल बोटं. पंचवीस वर्षं तोंडातून न निघालेलं एका चहात सांगून झालं.

झुंबरनं पायरीवरचा कप उचलून गार झालेला चहा संपवला. "आमच्यात हे असं नसतं," तो म्हणाला. "पण तुमच्यात आहे तर आहे. कुणी टाकायचा असतो?"

"सोयऱ्यांनी."

"तुमचे सोयरे कोण?"

यादव परत सुईचं भोक शोधायला लागला. झुंबर चावी खांद्यावर टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुणी दुसराच माणूस येऊन चावी फिरवून गेला. कुसाबाई हंडा भरता भरता म्हणाल्या, "नवा मुका आहे वाटतं. पाणीसुद्धा चोरासारखं आलं बाई." यादवनं सवयीनं दोन कप चहा टाकला होता. एक प्यायला, दुसऱ्यावर साय धरेपर्यंत बघत बसला. नको म्हणायच्या आधीच माणूस निघून गेला, असं त्यानं धरलं. स्वतःवरच राग आला. उडी मारायची सोडून आपण रीत सांगत बसलो.

पंचमीच्या पहाटे त्याला स्वप्न पडलं. दुकानाची फरशी सरकवली तर खाली रहाड, काठोकाठ पिवळी. काठावर पुंजा बसलेला, पाय रंगात सोडून, मांडीवर शेवंती घेऊन हार ओवतोय. डोकं वर न करता त्यानं विचारलं, "कोरडाच का रे अजून?" यादवला सांगायचं होतं की तुझ्याच आईनं, पण पुंजानं दोरा दातांनी तोडला आणि तो गेला. जाग आली तेव्हा खोलीत फुलांचा वास होता. तो खरा होता. खाली रहाडीसाठी फुलं उकळत होती.

अकराच्या सुमारास ढोल वाजायला लागले. यादवनं शटर अर्धं ओढलं आणि वर जाऊन बसला. तेवढ्यात खालून आवाज आला.

"यादवा, खाली उतर. मला तुझा जिना चढवत नाय."

पायरीवर चिमणाबाई. ऐंशी वर्षांच्या, हातात कापडी पिशवी, चष्म्याला दोरा बांधलेला.

"आई? एकट्या आलात?"

"एकटी कशाला. परवा एक पाणीवाला आला व्हता आमच्याकडं. म्हणला, आजी, नाशकात तुमच्या घरातला एक माणूस रंगाचा राह्यलाय. म्या म्हणलं, कोण रं? तर गप उभा. मग माझं मलाच कळलं." त्या दम खायला थांबल्या. "दोन दिस झोप नाय मला. त्या साली ताट तुझ्याफुडं आलं आन म्याच कपाळ फुडं केलं. तुझं कपाळ समोर व्हतं, ते नाय दिसलं."

यादवचा हात टेपावर गेला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"बावीस वर्सं माझ्या चोळ्या कोण शिवत व्हतं? मापाला कधी बोलावलंस? पुंजा येऊन सांगायचा आन चोळी बराबर बसायची. मी वाळले की दंड बारीक व्हायचा, मी फुगले की वाढायचा. माझ्या लेकानं माझं माप ज्याला घरी बसून सांगावं, त्यो काय नुसता टेलर व्हता व्हय?"

मग त्यांनी पिशवीतून डबी काढली. यादव पायरीवर बसला, कारण त्यांचा हात पोचेना. गुलालाचं बोट कपाळाला टेकलं. ते बोट खरखरीत होतं. पदराच्या गाठीतून गुळाचा खडा निघाला, तो तोंडात गेला. "झालं. दुखवटा उठला. आता ह्यो राखेचा सदरा काढ, बघवत नाय." यादव रडला, आणि ते रडणं दहाव्याच्या दिवशीचं होतं, वाटेत तीन वर्षं थांबून आलेलं. चिमणाबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून ढोलांकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "आन त्याला तिथं उन्हात का उभा केलाय?"

बोळाच्या तोंडाशी झुंबर उभा होता. ढगळ सदरा घातलेला, रजा टाकलेला, चावीशिवाय हात कुठं ठेवावेत ते न कळणारा.

"गाडीत म्या इचारलं त्याला, तू कोण याचा? तर म्हणतो, अजून कोणी नाय, त्यांनी सांगितलं तर होईन. म्हणून ऱ्हायला तिथंच. आता काय ते सांग जा. मला तीनची गाडी हाय."

यादव उठला. दुकान ते रहाड सत्तर पावलं. जाताना कुणी पाठीवर पाणी टाकलं, कुणी गालाला रंग फासला, आणि तो थांबला नाही. झुंबरसमोर उभा राहिला. ढोलांत काही ऐकू येत नव्हतं, म्हणून त्याच्या कानाशी वाकला.

"काम नसलं तरी या."

"किती वाजता?"

"साडेपाचला. दोन कपच टाकतो मी. तुम्ही नव्हतात तेव्हाही टाकले."

झुंबरनं मान हलवली. मग दोघं काठावर गेले, आणि यादवनं डोळे मिटून उडी मारली. रंग कोमट होता. आत, खाली, ढोल दुरून ऐकू येत होते आणि सगळं पिवळं होतं, जसं लहानपणी डोळे मिटून उन्हाकडे तोंड केल्यावर असतं. तिथं त्याला थोडं राहावंसं वाटलं. पण शेजारी धप्प झालं, एका हातानं त्याचा दंड धरला आणि वर ओढलं.

काठावरून कुसाबाई म्हणत होत्या, "अहो मास्तर, टेप तरी काढायचा गळ्यातला."

आठ दिवस दोघांच्या कानामागं पिवळं होतं. कुणी काही बोललं नाही, कारण अख्खा बोळच पिवळा होता. टेप मात्र कायमचा रंगला. त्याच्यावरचे बत्तीस ते छत्तीस आकडे उडाले आणि यादव नवा घ्यायला तयार नाही. अंदाजानं शिवतो. यंदा बोळातले सगळे ब्लाउज अर्धा बोट सैल झालेत आणि कुसाबाईंची कुरकूर चालू आहे.

बदली झाली. नवा वॉलमन खरंच मुका निघाला, म्हणजे बोलतो, पण हाक देत नाही. तो झाकण उचलतो, चावी फिरवतो, जमिनीखाली कुणी कूस बदलल्यासारखा आवाज होतो. आणि समोरच्या पायरीवर हातात कप घेऊन बसलेला, त्या वेळी त्या बोळात काहीही काम नसलेला झुंबर मान वर करून म्हणतो, "पाणीऽऽ".