तिसऱ्या मजल्यावर पोचलेली गाय

राई गावच्या हिराआजींनी आमच्या अण्णांना गाय दिली. हे आधी सांगते, बाकीचं मागून. सातवीत शाळा सुटलेली बाई मी, लिहिता लिहिता भलतीकडे गेले तर निदान एवढं एक वाक्य तरी जागेवर राहू दे... गेल्या महिन्यात आजींच्या पुतण्याचा मिस्ड कॉल आला. तो कधी फोन करत नसे. मी भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला बसले होते. हातातली स्टीलची वाटी तशीच धरून उलटा फोन लावला. "काकी गेली," एवढंच म्हणाला.

अण्णा म्हणजे माझे वडील, राजापूरकडचे. बऱ्याच वर्षांपूर्वी, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी त्यांना इकडे शहरात, गोडदेवला, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आणलं. दुखण्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं, जीव अडकला होता तो दुसरीकडेच. मेल्यावर वैतरणी लागते, ती गायीचं शेपूट धरून पार करायची, म्हणून माणूस जायच्या आधी त्याच्या हातून गोदान करतात. गावात कोणाचंही असं असलं की आमचीच कपिला गाय न्यायचे, आणि अण्णा तिला धरून त्या दारात उभे राहायचे. "सगळ्या वाडीला शेपूट दिलं गो बाय, आणि मी हा असा सिमेंटात..." म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला धड जेवण जात नव्हतं. गावातून त्यांना उचलून मीच आणलं होतं ना.

गुरुजी म्हणाले, चांदीची लहानशी गाय चालते, तीही नसेल तर नारळ. मी धावत जाऊन चांदीची घेऊन आले. हिराआजी तेव्हा आमच्या इमारतीत दूध घालायच्या. त्यांना मी ती मोठ्या भक्तीनं दाखवली. त्यांनी डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, आणि जिन्यात हसतच बसल्या. "आगं बाय, ह्यो त नंदी हाय! बापाला बैलाच्या शेपटीला बांधतेस?" मला रडूच फुटलं. तशा त्या पायरीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "उद्या चंद्रीला आनते."

"आजी, तिसरा मजला आहे..."

"ती न्हाय चढणार. तिचं शेपूट चढंल."

सकाळी चंद्री खाली येऊन उभी राहिली. आजींनी तिच्या शेपटीच्या गोंड्याला जुन्या लुगड्याची मऊ पट्टी बांधली. पट्टीला दोरी हवी, तर एवढी लांब कोणाकडे? तीन घरांनी आपापल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या काढून दिल्या. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती बेनची निळी नायलॉनची, बाकी दोन सुती, एक दुसऱ्या मजल्यावरची, एक माझी. गाठी मारून ती लांबलचक दोरी खिडकीखिडकीतून वर आली. दुसऱ्या मजल्यावरचे मिश्राजी तिला हलकेच धरून ओरडत होते, "अरे खींचो मत, गैया को लगेगा!" मी टोक अण्णांच्या मुठीत दिलं. गुरुजींनी मंत्र सुरू केले. अण्णांचे डोळे मिटलेलेच होते. आणि एकदम त्यांची मूठ थरथरली. अण्णा हसले. "माशी बसली तिच्यावर," म्हणाले, "उडवते बघ."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. चंद्री खरोखरच शेपूट झटकत होती. माझ्या अंगावर जो काटा आला, तो हे लिहितानाही येतोय. तीन मजले, तीन घरच्या दोऱ्या, आणि माझ्या बापाला त्या टोकाची माशी कळली!

गाय दानात मिळाली गुरुजींना, पण ते स्वतः चौथ्या मजल्यावर राहायचे. त्यांनी तिथल्या तिथे ती आजींना परत केली. आजींनी मूठभर गूळ मागितला, तोही माझ्याच हातून चंद्रीला चारला. त्याच आठवड्यात अण्णा गेले. भिंतीकडे पाठ करून, दाराकडे बघत.

पुढे चंद्री म्हातारी होऊन गेली, आजींच्या गोठ्याच्या जागी इमारत आली. मी एकदा भीतभीत विचारलं, "आजी, तुमच्या वेळी गाय कुठून हो?" तर म्हणाल्या, "माज्या चंद्रीनं किती मानसं पोचवलीत! पल्याड कोनी न कोनी दोरी धरून उभा असंलच की. तुजा बाप हाय ना, त्याला जमतं."

आजींच्या बाराव्याला गेले तेव्हा पाटावर चांदीची गाय होती. माझा हात आपोआप पुढे गेला, उलटी करून पाहिली. पुतण्या हळूच म्हणाला, "ताई, गायच हाय. काकीनं सांगून ठेवलेलं, नीट बघून आन." मी हसले, आणि मग मला रडू आवरेना...

बेननं आणि मिश्राजींनी दोरी परत घेतली नाही. ती आजही माझ्या खिडकीला आहे, तिच्यावरच कपडे वाळतात. फक्त चंद्रीच्या शेपटीकडच्या निळ्या गाठीवर मी चिमटा लावत नाही. गावी अण्णांचा गोठा रिकामा पडलाय. आजी, मी एक दिवस परत जाईन, तिथे खरी गाय बांधेन, तिचं नाव चंद्री ठेवेन. आणि वाडीत कोणाचीही वेळ आली तर ही दोरी घेऊन तिच्यासोबत त्या दारात उभी राहीन. मागेन फक्त मूठभर गूळ.