उंबरजे कुठे अडले

दुपारची झोप इंदूताईंच्या आधी पायांत शिरते. पाय जड होतात, मग गुडघे, आणि ती कमरेपर्यंत चढेस्तोवर डोकं शाबूत राहून गल्लीची खबर घेत असतं. समोरच्या घरातला पंखा अजून कुरकुरतोय, म्हणजे त्यांचा थोरला आज कामावर गेलेला नाही. कोपऱ्यावरची म्हातारी तिसऱ्यांदा खाकरली, म्हणजे तिला चहा हवाय आणि सून मुद्दाम ऐकत नाही. माणसांच्या अशा नोंदी ठेवायची सवय इंदूताईंना कन्याशाळेतल्या लिपिकाच्या नोकरीनं लावली, आणि नाटकानं ती हाडात मुरवली.

बार्शीतल्या एका हौशी नाटकमंडळाच्या त्या तेवीस वर्षं प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत स्टुलावर बसायचं, वही मांडीवर, आणि स्टेजवर कुणी अडलं की पुढचा शब्द कुजबुजत पुरवायचा. कोण किती वेळा अडलं, त्याच्या बारीक रेघा समासात. बोधनकर कंपाउंडर वर्षाला चार-पाच. आणि मंडळाचे नायक उंबरजे, तेवीस नाटकांत मिळून सहाशे अकरा. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक असलेला हा माणूस दिवसभराच्या गाड्या कागद न बघता पुकारायचा, पण सलग तीन वाक्यं त्याच्या डोक्यात टिकत नसत. अडले की उंबरजे डावीकडे बघत, शब्द उचलत आणि असा म्हणत की पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावत. आत आले की वर, "अडलो कुठे, बाई? पॉज घेतला होता."

उंबरजे जाऊन महिना आणि नऊ दिवस झालेत. दवाखान्यात कॉटच्या उजव्या अंगाला त्यांची बायको, मंडळातल्या सगळ्यांच्या वहिनी, बसल्या होत्या. इंदूताई डावीकडे, दारात. उंबरज्यांनी मान डावीकडे वळवली, ओठ उघडले आणि नुसते बघत राहिले. इंदूताईंकडे वही नव्हती. पाच श्वास तसेच गेले. मग वहिनींनी नर्सला हाक मारली.

तेव्हापासून इंदूताई तालमीला गेलेल्या नाहीत. काल बोधनकर येऊन, दोन कप चहा पिऊन, गयावया करून गेले. "जिथं खरंच शब्द हवा होता तिथं मला देता आला नाही," इंदूताईंनी सांगितलं. "दुसरं कुणी बघा." कुठला शब्द असेल तो? महिनाभर त्या, वहीची पानं उलटावीत तसे, मनातल्या मनात शब्द उलटतायत.

झोप कमरेच्या वर येते. पंख्याची कुरकुर थांबते. कुठंतरी तिसरी घंटा होते.

त्या स्टुलावर बसल्या आहेत. पायांखाली स्टेजच्या फळ्या, नाकात पडद्याची धूळ आणि मिशा चिकटवायचा डिंक. समोर उंबरजे उभे. वर राजाचा अंगरखा, खाली एसटीची खाकी पँट.

"तुम्ही तर गेलात ना?" इंदूताई विचारतात.

"गेलो तर. कशी झाली एक्झिट?"

"घाई केलीत. आणि वहिनींकडे पाठ करून. पाठ करू नका, पाठ करू नका, तेवीस वर्षं सगळे बोंबलतायत."

उंबरजे हसतात. हसल्यावर त्यांना खोकला येत नाही, हे त्या टिपून घेतात.

"तालमीला का जात नाही, बाई?"

"कुणी चुगली केली?"

"स्टँडवर सगळं कळतं."

विंगेचा पडदा हिरवा होतो. दवाखान्यातला, कड्यांवर सरकणारा. सलाईनच्या बाटलीत स्टेजवरचा पिवळा उजेड थेंब थेंब खाली उतरतोय. कॉट रिकामी आहे, पण चादर आत कुणी असल्यासारखी वरखाली होते.

"उंबरजे, कुठला शब्द होता?"

"कुठला म्हणजे?"

"वेड पांघरू नका. इथंच. माझ्याकडे बघितलंत, तोंड उघडलंत."

"पॉज होता तो."

"सहाशे अकरा वेळा ऐकलंय हे."

"मग हा सहाशे बारावा."

इंदूताईंना खरंखोटं ओळखता येतं. हा माणूस अडला की त्याचा अंगठा तर्जनीवर घासायला लागतो, चिकटलेली तिकिटं सोडवल्यासारखा. पॉज असला की हात निवांत. पॉजमध्ये शब्द दिला की उंबरजे आत येऊन भांडत, म्हणून त्या कधी तोंडाकडे बघायच्याच नाहीत, हाताकडे बघायच्या. पण त्या दिवशी हात दिसला नाही. सलाईनसाठी तो पट्टीला बांधला होता, बोटांपर्यंत बँडेज.

"हात दाखवा," त्या म्हणतात.

"बाई, गाडी लागलीय."

लागलीच आहे. ते दोघं स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर आहेत. पलीकडच्या बाकांवर अख्खं मंडळ, अर्धे रंगलेले चेहरे, मांडीवर पिशव्या, जो तो आपापली वाक्यं पुटपुटतोय. बोधनकर फेटा बांधून बसलेत आणि बाहीवर कापसाचा बोळा चिकटलाय. कुणीच वर बघत नाही.

"काय मिळवलं हो आपण?" इंदूताई विचारतात. "तेवीस वर्षांत एक प्रशस्तिपत्र. तेही नेपथ्याला."

"आमची ही सांगायची तुम्हाला. सातला तालीम असली की हा माणूस सकाळपासून माणसासारखा वागतो. डिसेंबरात स्पर्धा संपली की पुन्हा चावतो." उंबरजे बोधनकरांकडे बघतात. "तो बघा. वर्षभर डॉक्टरच्या शिव्या खातो. त्या दोन तासांत त्याला मुजरे. घरी गेल्यावर आरशासमोर फेटा किती वेळ सोडत नाही, त्याच्या पोरीला विचारा."

"तुमचं ठीक. लोकांनी बघितलं तरी तुम्हाला. मी अंधारात."

"तुमच्याइतकी कामं कुणी केली? राजा तुम्ही, वकील तुम्ही, दोन्ही सावत्र आया तुम्ही. आमच्या आधी सगळं तुमच्या तोंडून जायचं. मी मागून म्हणायचो नुसता. सहाशे लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा मला वाटायचं, अरे, हे तर बाईंचं."

"कधी बोलला नाहीत."

"वहीत नव्हतं."

ते अंगरख्यातून हात काढतात आणि बाकावर ठेवतात, दोघांच्या मधोमध. बँडेज नाही. सुईचा डाग आहे. इंदूताई अंगठ्याकडे बघतात. एक श्वास, दोन, पाच. अंगठा हलत नाही.

"म्हणजे अडला नव्हतात."

"नाही."

"मग माझ्याकडे काय बघत होतात?"

"समोरचा अडला की नट काय करतो? पळून जातो का? त्याच्याकडे बघत उभा राहतो. आत्ता आठवेल, आत्ता म्हणेल. तुम्ही जन्मात स्टेजवर आला नाहीत, तुम्हाला कसं ओळखू येणार?" उंबरजे हळू बोलतात, तालमीत नवख्यांशी बोलायचे तसे. "वाक्य माझं नव्हतं, बाई. तुमचं होतं."

इंदूताई मांडीवर वही चाचपतात.

"मला कुठलं वाक्य? मला कुणी वाक्य दिलं कधी?"

"ते मी कसं सांगू? मला दुसऱ्यांची पाठ असतात होय?"

"वहिनी होत्या तिथं."

"होत्या."

"सगळ्यांसमोर काय बोलणार होते मी?"

"जमलं तेवढा थांबलो," उंबरजे म्हणतात.

कर्ण्यातून गाडी पुकारली जाते. आवाज त्यांचाच, पण ओठ मिटलेले. कुठं जाणारी ते कळत नाही, गावाच्या नावाच्या जागी नुसती खरखर. ते उठतात, अंगरखा सारखा करतात. गाडीला पाटी नाही. मंडळातलं कुणी वर बघत नाही. इंदूताई उठायला जातात तर पाय जड, शिशाचे. शब्द मात्र आलेला आहे. महिनाभर उलटलेल्या हजारांत तो नव्हता, आणि आता घशाशी असा उभा आहे की जणू तेवीस वर्षं तिथंच बसून होता.

"थांबा," त्या म्हणतात. सवयीनं, कुजबुजत.

इंजिनाच्या घरघरीत शब्द बुडून जातो. उंबरजे पायरीवर वळतात. डाव्या कानामागे हात धरतात. शब्द नीट आला नाही की धरायचे तसा.

"मोठ्यानं, बाई."

आणि इंदूताई पोटातून, फळ्यांतून, जमिनीखालून कुठून तरी आवाज खेचून आणतात.

"थांबा!"

खोलीत तो आवाज अजून घुमतोय. त्या गादीवर उठून बसल्या आहेत, हात पुढे केलेला. भिंतीवर साडेतीनचं ऊन. घसा सोलल्यासारखा झालाय.

"थांबले की, काकू!" बाहेरून कुणीतरी ओरडतं. "एवढ्यांदा कशापायी?"

दारात सीताफळवाली उभी आहे, डोक्यावर पाटी, धापा टाकत. तिच्यामागं गल्लीत चार दारं उघडलीत. कन्याशाळेच्या इंदूताईंचा एवढा आवाज आजवर कुणी ऐकलेला नाही.

"पाटीला हात लावा जरा. पार मारुतीच्या देवळापाशी गेले होते मी. तितनं फिरले."

इंदूताई हात लावतात. पाटी चांगली वजनाची आहे. दोघी मिळून ती उंबऱ्यावर टेकवतात.

"किती देऊ?"

इंदूताई बोलायला जातात. आवाज नाही. नुसती हवा.

बाई त्यांच्या तोंडाकडे बघते, मग डोळ्यांकडे. "मला न्हवती का हाक? दुसऱ्या कुणाला होती?"

इंदूताई होकारार्थी मान हलवतात.

"मग? थांबलं का ते?"

त्यांची मान तशीच राहते. पुढंही जात नाही, मागंही नाही. बाई खाली वाकते. पाटीत चाचपून एक उललेलं सीताफळ काढते आणि त्यांच्या हातात ठेवते.

"ह्ये इकायचं न्हाई. खावा."

फळ उन्हानं तापलेलं आहे. भेगेतून चिकट रस त्यांच्या मनगटापर्यंत ओघळतो.