गेल्या वर्षीचं भविष्य

नोकरी गेल्यावर मी रोज नॉर्थ यॉर्कच्या लायब्ररीत बसून नवीन जागांसाठी अप्लाय करायचो. बाहेर पानगळ सुरू झाली होती. काउंटरवरच्या फळ्यावर रोज कुठला तरी गमतीदार दिवस लिहिलेला असे. तो वाचून एक मराठी काका माझ्याकडे यायचे आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "आज मोज्यांचा दिवस. शुभेच्छा!" मग खिडकीपाशी बसून दिवाळी अंक उघडायचे.

अंक मागच्या वर्षीचा असायचा. त्यांची बहीण तो नागपूरहून बोटीच्या टपालाने पाठवायची आणि पोचेपर्यंत इथे बर्फ पडलेला असायचा. पण दिवाळी अंक दिवाळीच्या दिवसांतच वाचायचा, हा काकांचा हट्ट. त्यामुळे वर्षाचं राशिभविष्य ते वर्ष संपताना वाचत.

एकदा त्यांनी माझी रास विचारली. "सिंह? नोकरीत बढती!" आम्ही इतके हसलो की समोरच्या बाईंनी पुस्तकातून डोकं वर काढलं.

"आणि तुमचं?"

"माझं नाही वाचत. हिचं वाचतो. कन्या." त्यांनी चष्मा पुसला. "प्रकृती उत्तम राहील. वर्षाअखेरीस घरी पाहुणे येतील."

"काकू बऱ्या आहेत ना?"

"मार्चमध्ये गेली ती." त्यांचं बोट त्या ओळीवरून हललं नाही. "पण बघ, यांनी तिला आख्खं वर्ष दिलं होतं."

मी त्यांचा पत्ता मागून घेतला. दिवाळी चार दिवसांवर आली होती, आणि त्या भविष्यातलं एक वाक्य तरी खरं करणं माझ्या हातात होतं.