पाणी वर येऊ लागलं तेव्हा

सासूबाई जळगावकडून आमच्याकडे राहायला आल्या त्या गुडघ्यांमुळे. त्यांना उकिडवं बसवत नव्हतं, म्हणून ह्यांनी संडासातलं जुनं भांडं काढून कमोड बसवून घेतला. आमचं घर बोईसरजवळ पाम गावात, बैठं. मागे थोडी मोकळी जागा, तिथंच संडासची टाकी आणि एक बदामाचं झाड. हे तारापूरच्या एका कारखान्यात कामाला.

आधी नुसता आवाज यायचा. फ्लश केला की न्हाणीघरातल्या जाळीतून गुडगुड व्हायचं. मग कमोडमधलं पाणी काठापर्यंत चढायला लागलं. चढायचं आणि अगदी सावकाश उतरायचं. ते थांबतंय की नाही हे बघत मी दाराशी श्वास रोखून उभी असायची. ह्यांनी रबरी पंप मारून बघितला, गरम पाणी ओतलं, अ‍ॅसिड ओतलं. अ‍ॅसिडच्या वासानं आम्ही सगळे खोकत बसलो. थोडे दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

"आई, आत काही टाकलंस का? कापड, कागद?" ह्यांनी विचारलं.

"मी कशाला टाकू रे," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला.

एका सकाळी त्या आत असताना पाणी थांबलंच नाही. दाराखालून घाण पाण्याचा ओघळ बाहेर आला. मी दार वाजवत राहिले, "आई, कडी काढा." बऱ्याच वेळानं दार उघडलं. एका हातानं भिंत धरून, वाकून, त्या आपल्या पदरानं फरशी पुसत होत्या.

"मोडलं गं माझ्या हातून," एवढंच म्हणाल्या.

न्हाणीतही पाणी तुंबलेलं. मागच्या अंगणात चादरीचा आडोसा करून मी त्यांना खुर्चीवर बसवून आंघोळ घातली. त्या अंग चोरून बसल्या होत्या. माझ्याकडे बघेनात.

त्यानंतर त्यांनी पाणी पिणं सोडलं. हे माझ्या लगेच लक्षात आलं नाही. चहा अर्धा राहायचा, जेवताना भूक नाही म्हणायच्या. रविवारी उठताना त्यांना भोवळ आली. मी सावरलं, तर ओठ पार सुकलेले. तांब्या पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं.

"नको. प्यायलं की जावं लागतं."

हे दारातच उभे होते. त्यांनी पहार उचलली आणि मागे गेले. मी पोचले तेव्हा टाकीचं झाकण बाजूला सरकवलं होतं आणि ते आत शिडी सोडत होते. नाकाला रुमाल बांधलेला. वासानं माझे डोळे चुरचुरले.

"पाइपाच्या तोंडाशी अडकलंय. खालून कांब घातली की सुटेल," ते म्हणाले.

मी शिडी धरली. "आत उतरायचं नाही."

"कमरेपर्यंतच जातोय. दोन मिनिटांचं काम आहे."

"कारखान्यात टाकीत उतरायच्या आधी काय करतात, ते तुम्हीच सांगता ना मला? गॅस तपासतात, दोर बांधतात, वर माणूस ठेवतात."

"हे घर आहे. कारखाना नाही."

"तुम्ही आत पडलात तर तुम्हाला काढायला मी उतरणार. मग आईंना कोण बघेल?"

त्यांनी शिडी ओढली. मी सोडली नाही. त्यांचा एवढा राग मी आधी पाहिला नव्हता, आणि तो माझ्यावर नव्हता हेही मला कळत होतं.

आमचे आवाज ऐकून शेजारच्या मावशी कुंपणाशी आल्या. त्या बोईसरच्या बाजारात मासळी विकतात. उघडी टाकी बघून त्या ह्यांना म्हणाल्या, "आदी झाकन लाव. म्हातारीला मी माज्याकडं नेते. सासऱ्याला आनलेली भोकाची खुर्ची हाय आमच्याकडं. तू पाइपवाला बोलव. आत उतरायचं नाय."

ह्यांनी शिडी सोडली. झाकण पुन्हा सरकवून लावलं. मावशी सासूबाईंना हाताला धरून घेऊन गेल्या. सासूबाई दुपारी परत आल्या तेव्हा तिथं पेज आणि दोन कप चहा पिऊन आल्या होत्या.

बोईसरहून प्लंबर आला. त्यानं संडासामागचं चेंबर उघडलं, तर ते काठोकाठ भरलेलं. टाकीतलं पाणी मात्र नेहमीच्याच पातळीला. "टंकी ठीक है, बीच का पाइप जाम है," तो म्हणाला. मग त्यानं आणि ह्यांनी मिळून खणलं. जुना सिमेंटचा पाइप जोडापाशी उकलला होता आणि त्या फटीतून बदामाची मुळं आत शिरली होती. केसांसारखी बारीक, एकमेकांत गुंतलेली. वरून येणारं सगळं तिथंच अडत होतं. खेचली तेव्हा हातभर लांब गुंता बाहेर आला.

ह्यांनी तो फावड्यावर घेऊन सासूबाईंसमोर आणला.

"हे बघ आई. तू काही केलं नव्हतंस."

त्यांनी वाकून तो गुंता बघितला. मग म्हणाल्या, "आधी धुऊन ये हात. आणि जेव."

नवा प्लास्टिकचा पाइप झाडापासून लांबून टाकला. गुडगुड थांबली. तरी पुढचे कितीतरी दिवस सासूबाई सकाळी मावशींकडेच जायच्या. टाकीचं झाकण ह्यांनी सिमेंट लावून बसवून घेतलं, आणि सिमेंट सुकेपर्यंत हे अंगणातच उभे होते.