रापणीच्या बायका आणि सुमनचा पतंग

मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळी पळवायची, असला खेळ शिकायला माझी लेक सुमन लांबलांबचे किनारे शोधत होती. मी म्हटलं, आपला काय वाईट आहे? सपाट वाळू, एक खडक नाही, दुपारी वारा कडेकडेने वाहतो. अडलं होतं सोबतीपाशी. तिला आवरायला माणसं हवीत. बायको याच किनाऱ्यावर रापण ओढायची; ती गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. पोरीसाठी गेलो.

पहिल्याच दिवशी पतंग चढला आणि सुमन वाळूवरून फरफटत निघाली. रापणीचं जाळं ओढून टेकलेल्या बायका धावल्या. त्यांतल्या पारूने तिचा कमरेचा पट्टा धरला, बाकीच्यांनी एकमेकींच्या कमरा, आणि टाचा रुतवून सगळ्या मागे झुकल्या, जाळं ओढतात तशा.

"अगो, ओढू नका, नुसतं धरा," सुमन ओरडली.

"गप गे," पारू म्हणाली. "तुझ्या आवशीनच आमका शिकवल्यान."

माणूस गेलं की फोटो उरतो, असं मी समजत होतो. सुमनच्या आईने शिकवलेलं, टाच कशी रुतवायची, तेही उरतं. मला अडाण्याला हे कोण सांगणार?

आज सुमन फळीवर उभी राहिली आणि सरळ खाडीच्या तोंडापर्यंत गेली.

"तुझा चेडू बघ रे," पारू म्हणाली.

खोटं कशाला बोलू, छाती फुगली. म्हटलं, "उद्या मलाही रापणीच्या रांगेत घे."

"शेवटाक उभो रव. तुझ्यात जोर खय आता."

शेवटी तर शेवटी. मी उभा राहणार.