सातवं इंजिन

लंडनच्या अख्ख्या हाउन्सलोत कुकर न लावणारी मराठी बाई मी एकटीच. त्रेचाळीस वर्षं भात पातेल्यात शिजवला. बायका विचारायच्या, "सुप्रभाताई, कुकर का नाही हो तुमच्याकडे?" मी म्हणायचे, "आमच्या ह्यांना पेज गाळलेला भात आवडतो." धादांत खोटं! ह्यांना शिट्टी सहन व्हायची नाही.

हे म्हणजे मुरलीधर. नाव चारचौघांत घेत नाही मी, इथे ओळखीपुरतं घेतलं. परळच्या रेल्वे कारखान्यात तयार झालेले फिटर. पासष्ट साली आम्ही शेफिल्डजवळ आलो. इंग्लंडात जाऊन इंजिनं दुरुस्त करणार म्हणून ऐटीत आले, आणि हाती आला गॅस कटर. भंगाराच्या यार्डात वाफेची इंजिनं कापायची! घरी पत्रात मात्र 'रेल्वेत आहे' एवढंच.

त्यात एक वर्ग होता एकोणपन्नास इंजिनांचा. महायुद्ध संपल्यावर बांधलेली, लंडनहून एडिंबराकडे एक्स्प्रेस ओढणारी, पुरुषभर उंच चाकांची. डिझेल आलं आणि सोळा-सतरा वर्षांतच सगळी मोडीत निघाली. माणसाच्या हिशेबात मिसरूड फुटायचं वय हो ते! आठवणीला म्हणून एकसुद्धा ठेवलं नाही. त्यातली सहा ह्यांनी कापली, तोवर रात्री झोप लागायची.

बाकीची ओढून आणलेली असत, थंडगार. सातवं मात्र स्वतःच्या वाफेवर चालत आलं. मुकादम म्हणाला, दुपारीच घ्या कापायला. ह्यांनी बॉयलरला हात लावून पाहिला. "ऊब होती गं त्याला," मला नंतर म्हणाले, "मेलेलं नव्हतं ते." पण कापलं. पोटासाठी कापलं.

आणि त्याच दिवशी मी काय करावं? माझ्या भावानं, सतीशनं, पुण्याहून कुकर पाठवला होता. गंमत म्हणून न सांगता लावला. हे पानावर बसले आणि आतून शिट्टी झाली. हातातला घास टाकून उठले, मागचं दार उघडून अंगणात उभे राहिले, म्हणाले, "आलं गं ते." मेलं माझं डोकं! नेमका तोच मुहूर्त मी गाठला.

कुकर लॉफ्टमध्ये गेला, शिट्टी काही गेली नाही. पुढे हाउन्सलोला आलो, ह्यांना विमानतळावर मालाच्या गोदामात नोकरी लागली. डोक्यावरून सारखी विमानं, तरी त्या गोंगाटातही हे मधूनच उठायचे आणि मागचं दार उघडून उभे राहायचे. बाहेर कोण आहे, असं मी कधी विचारलं नाही. मलाही भीती वाटायची.

दोन हजार नऊ साली आमची नात मायरा कॉम्प्युटरसमोरून ओरडली, "आजोबा, तुमचा इंजिन परत आला!" कुठल्याशा वेड्या लोकांनी वर्गणी काढून, अठरा वर्षं खपून, जुन्या नकाशांवरून त्याच वर्गाचं पन्नासावं इंजिन नवं बांधलं होतं. शनिवारी किंग्ज क्रॉस स्टेशनला येणार होतं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला ओळखेल ते," म्हणाले.

"ओळखू दे," मी म्हटलं. "इतकी वर्षं दाराशी येतंय, एकदा तोंड दाखवा त्याला. की मरतानाही हेच ओझं घेऊन जाणार?"

गेलो. हिरवंगार इंजिन वाफ सोडत उभं होतं. हे खांबाच्या आड. एक म्हातारा गोरा फडक्यानं चाक पुसत होता. ह्यांच्याकडे बघून त्यानं सहज विचारलं, "तुम्ही काम केलंय का यांच्यावर?" मला वाटलं, नेहमीसारखं 'रेल्वेत होतो' म्हणून सुटतील.

हे म्हणाले, "मी सात कापली. सातवं गरम होतं."

त्या म्हाताऱ्यानं हातातलं तेलकट फडकं ह्यांच्यापुढे धरलं. "मग इथून पुढचं तुम्ही पुसा."

सत्त्याहत्तर वर्षांचा माझा नवरा वाकून चाक पुसायला लागला. पुसता पुसता तळहात टेकवला आणि हमसून हमसून रडला. तेवढ्यात कान फाटतील अशी शिट्टी झाली. हे जागचे हलले नाहीत.

परतताना ट्यूबच्या डब्यात म्हणाले, "उद्या कुकर लाव." जुन्याचं रबर कधीच गेलं होतं, मायरानं ईलिंग रोडवरून नवा आणला. तीन शिट्ट्या झाल्या. हे पेपर वाचत राहिले. जेवताना वर मलाच म्हणतात, "काय मऊ झालाय भात! इतकी वर्षं काय ते गाळून घालत होतीस?" आता काय बोलावं या माणसाला!

ऑगस्टात गेले. झोपेत, शांतपणे.

कुकर मी रोज लावते, एकटीपुरता. तिसरी शिट्टी झाली की माझेच पाय मागच्या दाराकडे वळतात. दार उघडते. अंगणात कोणी नसतं. थंडी आत येते, तरी लगेच लावत नाही मी. थोडा वेळ थांबते आणि म्हणते, "अहो, भात झालाय."